खर्डा आणि कित्ता

दिवाळीच्या अंकात काही खुसखुशीत लिहावे असा संपादकांचा दरवर्षीचा आग्रह असतो. यंदा मात्र फराळाचे ताट येण्यापूर्वीच एक पत्र पुढ्यात आले, आणि ते बाजूस सारून चकलीकडे वळणे काही जमले नाही. पत्र खर्ड्याहून आले आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात हे गाव आहे. ‘खर्ड्याची लढाई, ११ मार्च १७९५’ एवढे आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले असते. गाव कोठे आहे, हे मात्र बहुतेकांस ठाऊक नसते.

पत्रलेखिका बाईंची मुलगी पुण्यास इतिहास घेऊन एम.ए. करीत आहे. आपल्याच गावच्या लढाईवर काही लिहावे असे तिच्या मनात आले. तिच्या प्राध्यापकांनी सुचविले की, मराठी कागद पुष्कळांनी चाळले आहेत, तू निजामाच्या बाजूचे फारसी कागदही वाचावयास शीक. फारसी लिहिली जाते ती अरबी लिपीत. मुलीने मनावर घेतले, आणि हल्लीच्या रिवाजाप्रमाणे शिक्षक शोधण्याऐवजी फोन उघडला. फोनातील कृत्रिम बुद्धिमत्ता तिला रात्री अकरा वाजताही न कंटाळता ‘अलिफ, बे, पे’ शिकवू लागली. दोन महिने मोठ्या उत्साहात गेले. मग प्राध्यापकांनी एका जुन्या कागदाचे छायाचित्र तिला दिले. मुलीने ते फोनाला दाखविले. फोनाने चहा निवायच्या आत सबंध कागदाचा अस्खलित मराठी तर्जुमा पुढे ठेवला. तिने तो नेऊन दिला. प्राध्यापकांनी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून विचारले, “हा शब्द कोणता?” मुलीला सांगता आले नाही.

सुट्टीला घरी आल्यापासून ती गप्प आहे. “सगळे यंत्रच वाचणार, तर मी कशाला शिकू?” असे म्हणते. वडिलांचे म्हणणे, हे अरबी-फारसीचे खूळ सोडून स्पर्धा परीक्षेला बसावे. बाईंचे म्हणणे वेगळेच आहे, आणि मला ते फार आवडले. त्या लिहितात, “यंत्र चुकीचे शिकवते की आमची मुलगी चुकीचे शिकते, एवढे सांगा.”

आधी वडिलांच्या शंकेचा विचार करू, कारण घरात पैसे तेच भरतात. या लिपीचा आपल्याला उपयोग काय? निंबाळकरांनी बांधलेला खर्ड्याचा किल्ला आजही उभा आहे. २०२१ च्या दसऱ्याला तेथे ७४ मीटर उंचीचा भगवा स्वराज्यध्वज उभारला गेला. लढाईत पिछेहाट झाल्यावर निजाम अली याच किल्ल्याच्या आश्रयास आला आणि मराठी फौजांनी त्याला कोंडले. शेवटी दिवाण मुशीर-उल्-मुल्क याला मराठ्यांच्या हवाली करून त्याने तह केला. शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन अशी सारी मराठी मंडळी एका बाजूने लढली असा पुन्हा प्रसंग आला नाही, म्हणून ही लढाई आपल्याला प्रिय. परंतु लढाईची गोष्ट दोन्ही छावण्यांत लिहिली जात होती. पेशव्यांचे दप्तर मोडी मराठीत, निजामाचे फारसीत. आपण एकाच छावणीचे कागद वाचले तर अर्धाच इतिहास हाती येतो, आणि तोही आपल्याला गोड वाटणारा.

पेशवाईतल्या लोकांस हे पक्के माहीत होते. त्यांच्या दरबारी फारसी पत्रे वाचण्यास आणि लिहिण्यास खास माणूस असे, त्याला पारसनीस म्हणत. पारसनीस म्हणजे फारसीनवीस, फारसी लिहिणारा. चिटणीस, फडणीस, तसाच हा. आज पारसनीस आडनावाच्या किती घरांत अलिफ आणि बे यांतला फरक कळतो, हे ज्याचे त्याने पाहावे. ही विद्या आपल्याकडे नांदत होती आणि आपण ती आडनावापुरती ठेवली. पुढे ज्यांनी ती पुन्हा हस्तगत केली त्यांचे उपकार थोडे नाहीत. भारत इतिहास संशोधक मंडळाचे ग. ह. खरे यांनी ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’ या नावाने खंडामागून खंड काढले. सेतुमाधवराव पगडींनी मोगल दरबारचे फारसी लेखन मराठी वाचकाच्या हाती दिले. आणि फर्ग्युसन कॉलेजात फारसी शिकविणाऱ्या माधव त्रिंबक पटवर्धनांनी, म्हणजे आपल्या माधव जूलियन यांनी, १९२५ साली ‘फारसी-मराठी कोश’ तयार केला. मौज अशी की, याच गृहस्थांनी पुढे ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून मराठीतले परके शब्द कमी करण्याचा कैवार घेतला. ज्याला घरात काय काय आहे ते नीट ठाऊक असते, त्यालाच काय काढावे हे सांगण्याचा अधिकार येतो.

आता हे शब्द किती आहेत पाहा. बाईंनी मला पत्र लिहिले त्याचा मजकूर अरबी, तपशील अरबी, खाली केलेली सही अरबी, घातलेली तारीख अरबी, आणि तो कागद ज्यात आला तो लिफाफाही अरबी. किल्ला, जिल्हा, तालुका, वकील, हुकूम, अर्ज, सगळी त्याच घरची मंडळी. ‘जिल्हा’ हा शब्द ज्या अरबी शब्दापासून आला त्याचा मूळ अर्थ बरगडी! ‘मसुदा’ म्हणजे काळा केलेला कागद. खाडाखोड करून करून शाईने माखलेला. आणि मुलांना वळणदार अक्षर यावे म्हणून आपण जो पुढे ठेवतो तो ‘कित्ता’ हाही अरबीतलाच. तिकडे सुंदर अक्षरात लिहिलेल्या नमुन्याच्या तुकड्याला कितआ म्हणतात. आपल्या आजोबांनी त्याचा कित्ता केला आणि धुळाक्षरांपासून आयुष्यभर गिरविला.

एवंच, मराठी मुलाला अरबी लिपी शिकवायची तर परक्या शब्दांनी सुरुवात करण्याचे कारणच नाही. शब्द त्याच्या तोंडी आहेत, अर्थ त्याला ठाऊक आहेत. फक्त रूप शिकायचे आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचा पहिला खरा उपयोग मला येथे दिसतो. छापील बालबोधिनी दिल्लीच्या किंवा कैरोच्या मुलासाठी लिहिलेली असते. यंत्राला मराठीतच सांगता येते की, ‘मला जे शब्द आधीच येतात असे पंचवीस अरबी शब्द दे, सोप्यापासून अवघडापर्यंत लाव आणि प्रत्येकाची अक्षरे सुटी करून दाखव’. ते मुकाट्याने देते. उद्या पुन्हा मागितले तर नवे पंचवीस देते. कोणत्याही शिक्षकाला एका विद्यार्थिनीसाठी दररोज एवढी उस्तवार करणे शक्य नाही. दिलेल्या शब्दांची व्युत्पत्ती मात्र कोशात ताडून पाहावी. जुळणारा आवाज दिसला की यंत्र नातेही जुळवून मोकळे होते.

लिपी म्हणून अरबी अवघड आहे का? अक्षरे अवघी अठ्ठावीस. फारसीने त्यांत प, च, ग आणि झ यांच्यासारख्या ध्वनींची चार घातली, म्हणजे बत्तीस. उजवीकडून डावीकडे लिहायचे, हे चार दिवसांत अंगवळणी पडते. ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. ‘कलम’ लिहिताना काफ, लाम, मीम एवढेच लिहितात. ज्यांच्या घरी मोडीचे कागद आहेत त्यांना याचे नवल वाटू नये. मोडीतही ऱ्हस्वदीर्घाची फिकीर नसे आणि हात न उचलता ओळ ओढीत नेत. खरी मेख दोन ठिकाणी आहे, जोडणीत आणि नुक्त्यात.

अरबी अक्षरे एकमेकांचा हात धरून चालतात. अक्षर शब्दाच्या आरंभी असेल तर एक रूप, मध्ये दुसरे, शेवटी तिसरे, आणि एकटेच असेल तर चौथे. त्यातही अलिफ, दाल, जाल, रे, जे आणि वाव ही सहा अक्षरे मानी आहेत. मागच्याचा हात धरतात, पुढच्याला देत नाहीत. त्यामुळे एकाच शब्दाचे दोन-तीन तुकडे पडतात आणि नवशिक्याला ते निराळे शब्द वाटतात. नुक्त्याचे तर विचारूच नये. होडीसारखा एक आकार घ्या. खाली एक ठिपका दिला तर बे, खाली तीन दिले तर पे, वर दोन दिले तर ते, वर तीन दिले तर से. शब्दाच्या मध्ये होडीचाही केवळ एक दात उरतो, आणि त्याच दातावर वर एक ठिपका असला की नून, खाली दोन असले की ये. उर्दू बोलणारे लोक विनोदाने सांगतात की, वरचा नुक्ता खाली गेला की ‘खुदा’चा ‘जुदा’ होतो. आपल्याकडे ‘ध’चा ‘मा’ करायला आनंदीबाई लागल्या म्हणतात. तिकडे एक माशी बसली तरी पुरते.

या अक्षरांना शिस्त लावणारा पुरुष म्हणजे बगदादचा वजीर इब्न मुक्ला. दहाव्या शतकात त्याने मोजमापाची युक्ती काढली. लेखणी कागदावर टेकली की तिच्या टोकाचा चौकोनी ठिपका उमटतो. तो ठिपका हेच माप. अलिफ इतके ठिपके उंच, अमुक वळण इतके ठिपके रुंद. राजकारणात सापडून बिचाऱ्याचा उजवा हात तोडला गेला, आणि सांगतात की त्यानंतर मनगटापाशी लेखणी बांधून तो लिहीत राहिला. ९४० साली तो कैदेत वारला. त्याचे ठिपक्यांचे माप मात्र हजार वर्षे टिकले, आणि ते यंत्राला फार मानवते. मुलीने लिहिलेल्या अलिफाचे छायाचित्र काढून ‘उंची किती ठिपके भरली?’ हे मोजणे म्हणजे यंत्राच्या घरचे काम. अर्थात कोणी अलिफ पाच ठिपक्यांचा धरतो तर कोणी सातांचा. कोणत्या वळणाचे माप लावायचे, हे आधी त्याला बजावावे लागते.

मग मुलीचे बिनसले कोठे? यासाठी यंत्र वाचते कसे हे थोडे पाहिले पाहिजे. ‘अलिफ म्हणजे उभी रेघ’ असे त्याला कोणी समजावून सांगितलेले नसते. हजारो लोकांच्या हातचे लिखाण त्याच्यापुढे ठेवतात, प्रत्येकाखाली बरोबर वाचन देतात, आणि ते आपल्या आपण खुणा बसविते. २००२ साली जर्मनी आणि ट्युनिसिया येथील संशोधकांनी चारशेहून अधिक लोकांकडून ट्युनिसियातल्या गावांची नावे पुन:पुन्हा लिहून घेतली. सव्वीस हजारांवर नमुने जमले. त्यानंतर दहा वर्षांनी सौदी अरेबियात किंग फहद विद्यापीठाच्या पुढाकाराने हजार माणसांच्या हस्ताक्षराचा संग्रह झाला. त्याचे नाव ‘खत्त’, म्हणजे हस्ताक्षर. आपल्या खरेदीखतातले आणि गहाणखतातले ‘खत’ ते हेच. तेव्हा यंत्र शिकले ते बहुतांशी आजच्या, सावकाश आणि नीटनेटक्या अक्षरावर. अठराव्या शतकातल्या दख्खनी मुनशीचा शिकस्ता त्याने फारसा पाहिलेला नाही. ‘शिकस्ता’ म्हणजे मोडलेले. मोडी शब्दाचा जणू सख्खा भाऊ. घाईचा मुनशी नुक्ते गाळतो, जी अक्षरे जोडायची नाहीत ती जोडतो, आणि ओळ संपत आली की शब्द एकमेकांच्या डोक्यावर चढवितो.

असा कागद पुढे आला म्हणजे हल्लीचे बोलके यंत्र काय करते? ते अडखळत नाही. दोष आहे तो हाच. आपल्यापैकी कोणी असता तर ‘येथे लागत नाही’ असे म्हणून थांबला असता. यंत्राची सारी घडण पुढचा शोभेसा शब्द ठरविण्यात झालेली असते. जे दिसत नाही ते अंदाजाने भरून काढून ते गोंडस वाक्य तयार करते, आणि ठिगळ कोठे लावले ते आपल्याला कळत नाही. म्हणून तर्जुमा जितका अस्खलित, तितका मला त्याचा संशय अधिक येतो.

हाच गुण अक्षर तपासतानाही आडवा येतो, आणि हे विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. समजा मुलीने ‘किताब’ लिहिले आणि ‘ते’वरचा एक ठिपका राहिला. यंत्राला छायाचित्र दाखवून ‘हे काय लिहिले आहे?’ म्हणून विचारले, तर ते बहुधा खुशाल सांगेल, ‘किताब. छान!’ कारण तेथे किताबच असणार हे त्याने ताडले. समजूतदार वाचक हा फार वाईट परीक्षक असतो. आईला बाळाचे बोबडे बोल समजतात, म्हणून तिने उच्चाराची परीक्षा घेऊ नये. त्याला शब्द विचारू नये, अक्षरे विचारावीत. ‘उजवीकडून एकेक अक्षर सांग, प्रत्येकाचे नुक्ते मोज, अंदाज करू नकोस’ असे म्हणावे. त्याहूनही बरे म्हणजे त्याला अंदाजच करता येणार नाही असे काही लिहून दाखवावे. अर्थ नसलेले अक्षरांचे पुंजके लिहावेत, किंवा आपल्या भागातल्या गावांची नावे लिहावीत. जामखेड, चौंडी, खर्डा, पाटोदा. ट्युनिसियाच्या गावांवर वाढलेले यंत्र येथे निमूटपणे जे दिसेल तेच वाचते, आणि मग चूक कोणाची हे उघड होते.

एक गोष्ट छायाचित्रात कधीच दिसत नाही, ती म्हणजे हात कसा फिरला. सुटा अलिफ वरून खाली ओढतात. तोच मागच्या अक्षराला जोडलेला असला तर खालून वर जातो. शब्दाचा सांगाडा आधी सबंध पुरा करायचा आणि नुक्ते मग द्यायचे, अशी रीत आहे. मुलीने उलटे केले तरी कागदावर अक्षर तसेच दिसेल, यंत्र शाबासकी देईल, आणि वर्षभराने जलद लिहिण्याची वेळ आली की हात अडेल. काही पडद्यांवर लेखणीने लिहिले तर हाताची चालही नोंदली जाते. तसे साधन मिळाले तर उत्तम. टंकून शिकणे मात्र शिकणेच नव्हे. कळफलकावर काफ, लाम, मीम दाबले की शेजार पाहून योग्य रूप निवडण्याचे आणि जोडण्याचे काम फोन करतो. जे शिकायचे तेच त्याने करून टाकले! आणि चित्रे काढून देणाऱ्या यंत्रांकडून सुंदर कित्ता मागवून भिंतीवर लावू नये. ती हुबेहूब अरबीसारखी दिसणारी, पण कोणत्याही भाषेत नसलेली अक्षरे पुष्कळदा काढून देतात.

त्यापेक्षा जवळचा मार्ग शेजारच्या घरी असतो. गावोगाव मुसलमान घरांतली पाच-सहा वर्षांची मुले अरबी अक्षरे जोडून वाचावयास शिकतात. त्यांच्या पहिल्या पुस्तकाला ‘कायदा’ म्हणतात. आपल्याकडे याच शब्दाला कोर्टकचेरीचा वास आला आहे, तिकडे त्याचा अर्थ पाया. मुलीने शेजारच्या एखाद्या चाचीसमोर आठवडाभर बसून हात कसा फिरतो ते नुसते पाहावे. चाचींना शिकस्ता येणार नाही, फारसीही येणार नाही. पण नून लिहिताना लेखणी कोठे वळते, हे त्या जितके चटकन दाखवतील तितके फोन दाखवणार नाही. बदल्यात त्यांच्या नातवाला मराठी शुद्धलेखन शिकविता येईल.

बाईंनी विचारले होते, यंत्र चुकीचे शिकवते की मुलगी चुकीचे शिकते. माझ्या मते तिने यंत्राला कित्त्याच्या जागी बसवायचे ते स्वतःच्या जागी बसविले. यावर इलाज अवघड नाही. कागद पुढे आला की आधी फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. जेवढे लागेल तेवढे आपल्या हाताने उतरून काढावे. जेथे लागत नाही तेथे मोकळी जागा सोडावी. मराठीत अशा कच्च्या उताऱ्याला काय म्हणतात, हे खर्ड्याच्या मुलीला मी काय सांगावे! असा खर्डा तयार झाला की मग यंत्राचे वाचन मागवावे आणि दोन्ही समोरासमोर ठेवावीत. जेथे दोघांचे जमते तेथेही एकदा नुक्ते मोजावेत. जेथे जमत नाही तेथे भांडावे. ‘तू येथे ये वाचलास, मला खाली एकच ठिपका दिसतो’ असे त्याला ठणकावून विचारावे. ते कधी कारण देते, कधी शरमून माघार घेते, आणि कधी नुसते आपले मन राखण्यासाठीही माघार घेते, म्हणून त्याच्या माघारीवरही भरवसा ठेवू नये. शेवटचा शब्द प्राध्यापकांचा किंवा कोशाचा.

मोडीच्या बाबतीत हे काम नुकतेच बरे सुरू झाले आहे. रुडकीच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी २०२५ साली दोन हजारांहून अधिक मोडी पानांची छायाचित्रे आणि त्यांचे देवनागरी वाचन एकत्र करून यंत्राला मोडी शिकविण्याचा प्रयत्न जाहीर केला. त्या प्रत्येक पानाचे बरोबर वाचन आधी मोडी जाणणाऱ्या कोणीतरी केले होते, हे विसरू नये. दख्खनी फारसीसाठीही असा साठा करता येण्याजोगा आहे. निजामशाही-आदिलशाहीच्या कित्येक कागदांवर वर फारसी आणि खाली तोच हुकूम मोडी मराठीत लिहिलेला असतो. मुनशी आणि मराठी कारकून यांनी तीन-चारशे वर्षांपूर्वीच प्रश्न आणि उत्तर एका कागदावर लिहून ठेवले आहेत! परंतु दोन्ही अर्धे वाचू शकणारी माणसे असल्यावाचून ते यंत्रापुढे कोण मांडणार? वडिलांना सांगावे की, स्पर्धा परीक्षेला बसणारे लाखो आहेत. दोन्ही अर्धे वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. परीक्षेलाही तिने अवश्य बसावे, पोट कोणाला सुटले आहे?

आणि तिच्याजवळ एक भांडवल असे आहे की ते कोणत्याही यंत्राजवळ नाही. खर्ड्यापासून फार लांब नसलेला परांड्याचा किल्ला घ्या. जुन्या फारसी लेखनात त्याला ‘परेंदा’ म्हणत. स्वर गळाले, नुक्ते पुसट झाले, की त्या शब्दात आणि ‘परिंदा’ म्हणजे पक्षी यांत कितीसा फरक उरतो? ‘फौज पक्ष्याकडे निघाली’ असा तर्जुमा यंत्राने दिला तर त्याला बिचाऱ्याला त्यात वावगे दिसणार नाही. पण ज्या मुलीने लहानपणी एस.टी.च्या पाटीवर परांडा वाचले आहे ती जागच्या जागी थांबेल. मराठेशाहीच्या फारसी कागदांत अशी गावे, आडनावे, घाट, नद्या पानोपानी विखुरलेली आहेत, आणि परक्या वाचकाची ठेच तेथेच लागते.

म्हणून सरावाला तिने आपल्या गावाचेच नाव घ्यावे. आजच्या उर्दूत ते असे लिहितात: काफ, त्याला ‘ह’कार देणारी दोन डोळ्यांची हे, मग रे. रे मानी, तेव्हा शब्द येथे तुटतो. पुढे दाल, आणि त्याचा ‘ड’ व्हावा म्हणून डोक्यावर बारीकसा तोय, कारण अरबीत ‘ड’ नाही. दालही मानी, म्हणून शेवटचा अलिफ एकटा. एका लहानशा शब्दाचे तीन तुकडे. पण १७९५ च्या मुनशीला हे नियम लागू नव्हते. ‘ड’साठी त्या काळी कोणी चार नुक्ते देत, कोणी तोय देत, कोणी काहीच देत नसत, ‘ख’मधला हकारही कित्येकदा गाळीत. इंग्रजांनी तर आपल्या पुस्तकांत या गावाचे ‘कुर्डला’ करून ठेवले होते. तेव्हा जुन्या कागदात आपले गाव शोधायला बसण्यापूर्वी ते कोणकोणत्या रूपांत दडलेले असू शकेल, कर्दा, खर्दा, कर्रा, कर्दला, याची यादी तिने हातानेच लिहून काढावी. यादी लांबेल, त्यासाठी पाठकोरे कागद बरे.